असेंब्लरचा सिंटॅक्स: कुठला धरायचा, आणि जुना कोड नव्यात आणताना काय बघायचं

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बीएस्सीला किंवा डिप्लोमाला ८०८५ चं किट हाताळलेलं असेल. हेक्स कीपॅड, लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि प्रॅक्टिकलच्या वहीत चिकटवलेली ओपकोड शीट. ॲक्युम्युलेटरमध्ये ५ भरायचे म्हणून वहीत 'एमव्हीआय ए, ०५' लिहायचं, शीटवर बोट फिरवून ओपकोड शोधायचा आणि किटवर आधी ३ई, मग ०५ दाबायचं. तेव्हा लक्षात येत नाही, पण तिथे असेंब्लर तुम्हीच असता. वहीत 'एमव्हीआय' ऐवजी 'ए मध्ये ५ टाक' असं लिहिलं असतं तरी किटला काहीच फरक पडला नसता.

आता गंमत बघा. झायलॉग कंपनीचा झेड८० हा प्रोसेसर १९७६ मध्ये आला. इंटेलच्या ८०८० चा मशीन कोड तो जसाच्या तसा चालवायचा, म्हणजे ३ई ०५ चा अर्थ त्याच्याकडेही तोच. पण झायलॉगच्या मॅन्युअलमध्ये हीच इन्स्ट्रक्शन 'एलडी ए, ५' अशी लिहितात. बाइट तेच दोन, लिहिण्याच्या पद्धती दोन.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की 'एआरएमचा सिंटॅक्स कुठला?' किंवा 'एव्हीआरचा बरोबर सिंटॅक्स कुठला?' असे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. या प्रश्नातच घोटाळा आहे. चिपला सिंटॅक्स नसतो, तिला फक्त बाइट कळतात. सिंटॅक्स असतो असेंब्लर नावाच्या प्रोग्रॅमचा, आणि एकाच चिपसाठी दोन-तीन असेंब्लर असू शकतात. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा: मी जे लिहिलंय त्याचे हा असेंब्लर कुठले बाइट बनवतो?

(इन्स्ट्रक्शनची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाईलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये जातात.)

रिसर्चमध्ये असेंब्ली कशाला लागते, असं वाटत असेल तर थोडक्यात सांगते. बोर्ड सुरू होतानाचा स्टार्टअप कोड, आरटीओएसमधलं टास्क बदलणं, सिग्नल प्रोसेसिंगमधला सगळ्यात आतला लूप, आणि क्रिप्टोग्राफीतला असा कोड ज्याला लागणारा वेळ गुप्त डेटावर अवलंबून असता कामा नये. शेवटच्या प्रकारात कंपायलरवर भरवसा ठेवता येत नाही, तो स्वतःच्या हुशारीने तुमची रचना बदलून टाकतो. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा असेंब्ली तुम्ही नव्याने लिहीत नाही, ती वारशाने मिळते. एखाद्या सीनिअरच्या थिसिसची झिप फाईल येते. त्यातला कोड कील मायक्रोव्हिजनमध्ये लिहिलेला असतो आणि तुमच्याकडे असतो जीसीसी. 'जरा पोर्ट करून घे, दोन दिवसांचं काम आहे,' असं गाईड म्हणतात.

पोर्ट करताना जे एरर येतात त्यांची काळजी करू नका. 'एरिया' ही डिरेक्टिव्ह जीएनयू असेंब्लरला कळत नाही, तिथे '.सेक्शन' लागतं. 'डीसीडी' च्या जागी '.वर्ड', 'एक्स्पोर्ट' च्या जागी '.ग्लोबल'. कीलच्या जुन्या असेंब्लरमध्ये लेबल पहिल्या कॉलमपासून सुरू होतं आणि पुढे कोलन नसतो. जीएनयूत कोलन द्यावा लागतो. हे सगळं असेंब्लर ओरडून सांगतो, एका दुपारी उरकतं. वेळ खातात त्या जागा, जिथे दोन्ही असेंब्लर तीच ओळ आनंदाने स्वीकारतात आणि बाइट मात्र वेगळे बनवतात.

एकच ओळ घेऊ: 'मूव्ह आर०, #५'. चिप कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४.

कॉर्टेक्स-एम मालिका फक्त थंब इन्स्ट्रक्शन चालवते. थंबचा जुना सिंटॅक्स वेगळा होता. त्यात 'मूव्ह' किंवा 'ॲड' लिहिलं की फ्लॅग बदलणार हे गृहीतच असायचं, कारण त्या १६ बिटांच्या इन्स्ट्रक्शनला दुसरा पर्यायच नव्हता. पुढे थंब-२ आल्यावर एआरएमने युनिफाइड सिंटॅक्स आणला. त्यात नियम सरळ आहे: फ्लॅग बदलायचे असतील तर शेवटी 'एस' लावा, नको असतील तर लावू नका. पण जीएनयू असेंब्लर जुन्या कोडची सोय म्हणून, फाईलमध्ये काही सांगितलं नसेल तर आजही जुनाच सिंटॅक्स धरतो. नवा हवा असेल तर वर '.सिंटॅक्स युनिफाइड' ही ओळ लिहावी लागते.

परिणाम असा. ही ओळ नसेल तर 'मूव्ह आर०, #५' चे दोन बाइट होतात, हेक्समध्ये २००५, आणि झीरो फ्लॅग बदलतो. ती ओळ वर असेल तर त्याच 'मूव्ह' चे चार बाइट होतात, एफ०४एफ ०००५, आणि फ्लॅगला हात लागत नाही. युनिफाइडमध्ये 'मूव्हएस' लिहिलं की पुन्हा २००५.

यात बिघडतं काय? समजा जुन्या कोडमध्ये तीन ओळी आहेत. आधी आर१ ची १० शी तुलना, मग 'मूव्ह आर०, #५', मग 'बीईक्यू', म्हणजे तुलना बरोबरीची निघाली तर उडी. ज्याने कीलमध्ये हे लिहिलं त्याच्या डोक्यात युनिफाइडचा नियम होता: मधली ओळ फ्लॅग बदलत नाही, उडीचा निर्णय तुलनेवर होतो. ह्याच तीन ओळी तुम्ही जीएनयूच्या फाईलमध्ये चिकटवल्या आणि वरची '.सिंटॅक्स युनिफाइड' राहून गेली, तर मधली ओळ ५ भरताना झीरो फ्लॅग खाली पाडते. उडी कधीच लागत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. प्रोग्रॅम चालतो, फक्त चुकीचं उत्तर देतो.

याच ठिकाणी अजून एक सवय दिसते. वरची ओळ राहिलेली असताना कोडमध्ये कुठे 'मूव्हएस' किंवा 'ॲडएस' आलं की जीएनयू असेंब्लर तक्रार करतो, की ही इन्स्ट्रक्शन थंब-१६ मध्ये चालत नाही. मुलं काय करतात? शेवटचा 'एस' खोडतात. एरर जातो, काम चालतं, कारण जुन्या सिंटॅक्समध्ये फ्लॅग बदलणारच असतात. मग सहा महिन्यांनी कोणी तरी '.सिंटॅक्स युनिफाइड' टाकतं आणि त्या खोडलेल्या 'एस' चा हिशोब चुकता होतो. हा एरर दिसला की 'एस' खोडू नका, फाईलच्या डोक्यावरची ओळ भरा.

पिकोसारख्या बोर्डवर, म्हणजे कॉर्टेक्स-एम० प्लसवर, प्रकार थोडा वेगळा. तिथे युनिफाइडमध्ये 'मूव्ह आर०, #५' मंजूरच होत नाही, कारण फ्लॅग न बदलता आकडा भरणारी इन्स्ट्रक्शनच त्या चिपकडे नाही. हे बरं आहे. पण सी फाईलच्या पोटात इनलाइन असेंब्ली लिहीत असाल तर सांभाळा: थंब-१ वाल्या चिपसाठी जीसीसी इनलाइन असेंब्ली मुळात जुन्या सिंटॅक्सची समजतो, आणि युनिफाइड हवा असेल तर वेगळा ऑप्शन द्यावा लागतो. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये वेगळ्या असेंब्ली फाईलला एक नियम आणि सी मधल्या चार ओळींना दुसरा, असं होऊ शकतं. पिकोच्या एसडीकेमध्ये इनलाइन असेंब्लीसाठी एक मॅक्रो दिलाय, तो ही ओळ आपोआप घालतो. तो वापरा.

आता अर्धविराम. ८०५१ पासून आपल्या हाताला सवय आहे, की अर्धविराम टाकला की पुढे कॉमेंट. कीलच्या एआरएम असेंब्लरमध्येही तसंच. जीएनयूच्या एआरएम असेंब्लरमध्ये मात्र कॉमेंटचं चिन्ह आहे ॲट, आणि अर्धविराम म्हणजे 'इथे एक इन्स्ट्रक्शन संपली, पुढची सुरू'. अर्धविरामानंतर इंग्रजी वाक्य असेल तर एरर येईल, सुटलात. पण डीबग करताना कोणी तरी 'बीएल डीले' या ओळीच्या आधी अर्धविराम टाकून ती तात्पुरती बंद केलेली असते. जीएनयूत ती ओळ जिवंत होते. सीनिअरने तीन वर्षांपूर्वी मारलेला डीले तुमच्या टायमिंगच्या आकड्यांत येऊन बसतो आणि तुम्ही ऑसिलोस्कोपचे प्रोब बदलत राहता.

आणि हे सगळ्या जीएनयू असेंब्लरना सारखं लागू नाही बरं का. एव्हीआरच्या जीएनयू असेंब्लरमध्ये अर्धविराम म्हणजे कॉमेंटच. माझं मत असं, की सी सारखी स्लॅश-स्टार वाली कॉमेंट वापरावी. ती जीएनयूत सगळ्या चिपवर चालते आणि डोक्याला ताप राहत नाही.

अलाइनमेंटचंही असंच. कीलच्या जुन्या असेंब्लरमध्ये 'अलाइन ४' म्हणजे चार बाइटच्या सीमेवर आण. जीएनयू एआरएममध्ये '.अलाइन ४' म्हणजे दोनाचा चौथा घात, सोळा बाइट. कोड चालतो, पण मध्ये रिकामी जागा पडते आणि कोडचा आकार मोजून टेबलात लिहिणार असाल तर आकडा फसवा येतो. '.बीअलाइन' लिहा, त्यात सरळ बाइट मोजतात. शिवाय जीएनयूत आकड्याच्या आधी शून्य लावलं तर तो ऑक्टल धरतात; ०१० म्हणजे आठ. ८०५१ च्या असेंब्लरमध्ये अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्स आकड्याला पुढे शून्य लावायची आपल्याला इतकी सवय असते, की हात तिकडेच जातो.

कॉर्टेक्स-एमवर नवीन माणूस हमखास अडकतो ती जागा म्हणजे फंक्शनचा पत्ता. या चिपमध्ये उडीच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ असावा लागतो, 'पुढे थंब आहे' याची ती खूण. कीलचा असेंब्लर हे आपण होऊन करायचा. जीएनयूत लेबलच्या आधी '.थंब_फंक' लिहावं लागतं किंवा '.टाइप' ने ते लेबल फंक्शन आहे हे सांगावं लागतं. विसरलात आणि तो पत्ता व्हेक्टर टेबलात गेला, की इंटरप्ट येताच हार्डफॉल्ट. निदान हा बिघाड आवाज तरी करतो.

एव्हीआरमधलं एक उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात प्रत्येक पायरी डेटाशीटमध्ये तपासता येते. आर्डुइनो उनोवर एटीमेगा३२८पी असतो. त्याच्या पोर्टबीला दोन पत्ते आहेत: 'इन', 'आउट' सारख्या इन्स्ट्रक्शनसाठी हेक्स ०५, आणि साध्या मेमरीसारखं वाचायचं असेल तर हेक्स २५. मधला फरक हेक्स २० चा. ॲटमेलच्या स्वतःच्या असेंब्लरमध्ये 'पोर्टबी' हे नाव ०५ असतं, म्हणून डेटाशीटमधली असेंब्लीची उदाहरणं सरळ 'आउट पोर्टबी, आर१६' अशी लिहिलेली आहेत. जीसीसीच्या एव्हीआर हेडरमध्ये तेच नाव मुळात मेमरीचा पत्ता देतं, २५.

आता डेटाशीटमधली ओळ उचलून जीसीसीच्या असेंब्ली फाईलमध्ये टाका. 'एसबीआय पोर्टबी, ५' लिहिलं तर वाचलात. 'एसबीआय' ला फक्त ० ते ३१ पत्ते चालतात, हेक्स २५ म्हणजे ३७, एरर येतो. 'आउट' ला मात्र ० ते ६३ चालतात. त्यामुळे 'आउट पोर्टबी, आर१६' बिनबोभाट पास होतं आणि लिहितं आय/ओ पत्ता २५ वर. तिथे काय आहे? टीसीसीआर०बी, म्हणजे टायमर-० चा क्लॉक ठरवणारं रजिस्टर. १३ नंबरची पिन पेटवायची म्हणून आर१६ मध्ये हेक्स २० असेल तर क्लॉक निवडणारे तिन्ही बिट शून्य होतात आणि टायमर-० बंद पडतो. आर्डुइनोचे 'मिलिस' आणि 'डीले' त्याच टायमरवर चालतात. मग एलईडी पेटत नाही, आणि पुढे 'डीले' आला की प्रोग्रॅम तिथेच कायमचा अडकतो. आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरने यावर दोन बोर्ड खराब म्हणून बाजूला काढून ठेवले होते. दोन्ही बोर्ड ठणठणीत होते.

यावर उपाय हेडरमध्येच आहे: नाव 'एसएफआर_आयओ_ॲडर' या मॅक्रोमध्ये गुंडाळायचं, किंवा हेडरच्या आधी ऑफसेट शून्य ठरवून टाकायचा. फाईलचं एक्स्टेन्शन मोठ्या 'एस' चं ठेवा, नाहीतर प्रीप्रोसेसर चालतच नाही आणि हेडर उघडलंच जात नाही. त्याच कोडमध्ये प्रोग्रॅम मेमरीतलं टेबल वाचलेलं असेल तर तेही बघा. ॲटमेलचा असेंब्लर लेबलचा पत्ता शब्दांत मोजतो, म्हणून तिथे 'टेबल गुणिले २' असं लिहितात. जीएनयू बाइटमध्ये मोजतो. तो गुणाकार तसाच राहिला तर भलतीकडचा डेटा वाचला जातो, तोही मुकाट्याने.

मग निवडायचं काय? माझा नियम साधा आहे: तुमचा सी कंपायलर आणि लिंकर ज्या घरचा, असेंब्लीही त्याच घरची. कॉर्टेक्स-एमवर नवीन काम सुरू करताय तर जीएनयू पद्धत, युनिफाइड सिंटॅक्स. जीसीसी ती वाचतो, क्लँग वाचतो, आणि एआरएमचा स्वतःचा नवा कंपायलरही क्लँगवरच बांधलेला असल्याने तीच वाचतो. जुनी 'एआरएमएएसएम' पद्धत एआरएमनेच मागे टाकली आहे. शिवाय तुमच्या क्षेत्रातले लोक काय वापरतात ते बघा. पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफीत कॉर्टेक्स-एम४ वर काम करणार असाल तर पीक्यूएमफोर नावाचा खुला संग्रह तुम्हाला चुकणार नाही, आणि त्यातली असेंब्ली जीएनयूचीच आहे. तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायचे तर त्याच टूलचेनवर असलेलं बरं. आरआयएससी-फाइव्हवर तर निवडीचा प्रश्न जवळपास नाहीच; सी-डॅकचा वेगा किंवा आयआयटी मद्रासचा शक्ती हाताळणार असाल तर एकच सिंटॅक्स शिकायचा. फक्त 'एलआय' सारखी एक ओळ कधी एक इन्स्ट्रक्शन होते, कधी दोन, हे सायकल मोजताना ध्यानात ठेवा.

८०५१ वर मात्र उगाच उत्साह दाखवू नका. लॅबमध्ये सगळं कीलच्या ए५१ वर आहे आणि काम एका सेमिस्टरचं आहे, तर तिथेच राहा. एसडीसीसी फुकट आहे म्हणून सगळा कोड तिकडे नेण्यात वेळ जातो आणि त्यातून पेपर निघत नाही. ज्याला तो कोड पुढे पाच वर्षं सांभाळायचाय, किंवा जगासमोर खुला ठेवायचाय, त्याने न्यावा.

सवय कशी बदलायची, तर हॅशपासून सुरुवात करा. ८०५१ मध्ये 'मूव्ह ए, #३०एच' चे बाइट ७४ ३०, आणि हॅश विसरला तर ई५ ३०: पहिल्यात ३० हा आकडाच ए मध्ये येतो, दुसऱ्यात ३० या पत्त्यावरचा डेटा. इथे हॅशवर सगळा अर्थ टांगलेला आहे. ८०८५ मध्ये हॅश नव्हता, कारण 'एमव्हीआय' मधला 'आय' तेच काम करायचा. एव्हीआरच्या 'एलडीआय' मध्येही तेच. जीएनयूच्या युनिफाइड एआरएममध्ये हॅश लिहा किंवा गाळा, दोन्ही चालतं. एकच चिन्ह, चार घरी चार नियम. म्हणून नवीन असेंब्लर हातात आला की पहिल्या दिवशी दहा ओळींची फाईल बनवा: एक आकडा भरणं, एक मेमरी वाचणं, एक तुलना, एक उडी, एक टेबल. ती असेंबल करा आणि 'ऑब्जडंप' ने उलटी वाचा. ऑब्जडंप थंबचा कोड नेहमी युनिफाइडमध्ये छापतो, त्यामुळे तुम्ही 'मूव्ह' लिहिलंत आणि तिकडे 'मूव्हएस' दिसलं, तर पहिल्याच दिवशी कळतं.

जुना कोड आणताना याच गोष्टीचा मोठा अवतार करायचा. काहीही बदलण्याआधी जुन्या टूलमध्ये जसाच्या तसा बिल्ड करा आणि ते बाइट जपून ठेवा. कीलबरोबर 'फ्रॉमएल्फ' मिळतो, तो यादी काढून देतो. जुनं टूल आता चालत नसेल तर सीनिअरच्या फोल्डरमध्ये हेक्स फाईल नक्की सापडेल, तीही ऑब्जडंपने उलगडता येते. मग एक फाईल नव्या सिंटॅक्समध्ये आणा, बिल्ड करा, दोन याद्या शेजारी ठेवा. काही फरक निघणारच: उड्यांची अंतरं बदलतील, मोठे आकडे ठेवायची जागा सरकेल. प्रत्येक फरकाचं कारण तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. जिथे सांगता येत नाही तिथे थांबायचं, पुढची फाईल उघडायची नाही.

मॅक्रो सगळ्यात शेवटी घ्या. दोन असेंब्लरच्या मॅक्रोंचं एकमेकांशी फारसं जुळत नाही; मी तर जुने मॅक्रो उलगडून साध्या ओळी करते आणि मगच नव्याने बांधते. आणि सायकल मोजणार असाल तर एम३, एम४ वर डीडब्ल्यूटीमधला सायकल काउंटर आहे, एम० वर तो नाही, तिथे टायमर वापरावा लागेल. मोजलेल्या आकड्यांसोबत असेंब्लरचं व्हर्जन, दिलेले ऑप्शन आणि ऑब्जडंपची यादी रिपॉझिटरीत ठेवून द्या. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक 'हा लूप इतक्याच सायकलचा कसा?' असं विचारतात, तेव्हा ती यादी उघडून एकेका ओळीवर बोट ठेवता येतं.